लाल दोऱ्याचा कप

किटलीतलं पाणी उकळून शांत होईपर्यंत अक्कांशी कुणी बोलायचं नाही, हा आमच्या लॅबचा नियम होता. तो कुणी केला होता माहीत नाही, पण पाळायचे सगळे. किटली टक्‌ करून बंद पडली की अक्का तिचं झाकण उघडायच्या आणि वाफेवर तळहात धरून उभ्या राहायच्या. ताप पाहायला मुलाच्या कपाळावर हात ठेवतात, तसा.

"थांब. अजून पाणी रागात आहे," असं त्या पुटपुटायच्या. मला नाही, पाण्यालाच.

वाफ हाताला सोसवू लागली की पाणी कपात, आणि मग त्यात चहाची पिशवी. पिशवीचा दोरा बोटाला गुंडाळलेला. ढवळायचं नाही, हलवायचं नाही. मी पहिल्यांदा माझ्या कपातली पिशवी चमच्याने दाबली, तेव्हा त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"पिळायला काय टॉवेल आहे तो?"

अक्का म्हणजे सुलोचना अक्का. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात त्या वास तपासायच्या. वास तपासणं हे एखाद्याचं काम असतं, हे मला नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं. आमचे टॉवेल परदेशी जातात. पेटीत बंद होऊन समुद्रावरून जाताना इथला बारीकसा वास तिथे पोचेपर्यंत मोठा होतो. म्हणून प्रत्येक लॉटमधला एक तुकडा किंचित ओला करून लोणच्याच्या काचेच्या बरणीत घालून ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडून नाक लावायचं. हे नाक अक्कांचं.

या कामासाठी त्यांनी स्वतःला काय काय बंद केलं होतं, ते मला हळूहळू कळलं. सकाळी आल्याचा चहा नाही. केसांना वासाचं तेल नाही. पावडर नाही. आणि गजरा नाही. घरात तेलुगू बोलणाऱ्या, शहराच्या पूर्व भागात विणकरांच्या वस्तीत वाढलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या डोक्यात फूल नाही म्हटल्यावर बसमधल्या बायका विचारायच्याच. अक्का सांगायच्या, "ड्युटी आहे."

मग सकाळी प्यायचं काय? त्याचं उत्तर चीनमधून आलं. आमच्याकडे नवे माग बसवायला तिकडचा एक मेकॅनिक आला होता. तो अंडी आणि केळी सोडून काही खात नसे आणि दिवसभर गरम पाण्यात पिशव्या बुडवून पीत असे. जाताना उरलेले डबे सोडून गेला. ऑफिसात कुणी त्यांना हात लावेना. अक्कांनी एक पिशवी बुडवून पाहिली आणि त्यांचं जमलं. दूध नाही, साखर नाही, बरण्या हुंगताना मधेमधे एक घोट घेतला की नाक पुन्हा कोरं होतं, असं त्या म्हणायच्या. पुढे मागाचे सुटे भाग मागवले की त्या खोक्यात चहाचा एखादा डबा भेट म्हणून यायचा. डब्यांवर सगळी चिनी अक्षरं. आत काय आहे ते अक्कांनी पिऊन ठरवायचं.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. बायरना मेल लिहायला मला घेतलं होतं. ऑफिसात जागा नव्हती म्हणून माझं टेबल लॅबमध्ये, अक्कांच्या बरण्यांसमोर. अक्का वास सांगणार, मी तो इंग्रजीत लिहिणार. मी फार बोलत नसे. मराठीत बोलताना मधेच शब्द सापडत नाही आणि समोरचा हसतो. वाईट हसत नाही, पण हसतो. अक्कांची मराठीही घरची नव्हती. त्यामुळे असेल, त्या कधी हसल्या नाहीत. मला त्या पिल्ला म्हणायच्या. तेलुगूत पिल्ला म्हणजे पोरगी.

त्यांचं चहा चाखणं पाहण्यासारखं असायचं. आधी वाफ हुंगायची, मग घोट, मग डोळे मिटून बराच वेळ काही नाही. साध्या हिरव्या डब्यातल्या चहाबद्दल त्या म्हणाल्या होत्या, "हुरडा. भाजलेला, पण राखेतून काढून फुंकर घातल्यावरचा." मी माझ्या कपातून हुंगलं. मला आधी नुसतं गरम पाणी वाटलं. मग खरंच हुरडा आला. मला इतका आनंद झाला की मी तो लपवला.

दुसरा एक डबा मोगऱ्याचा होता. डबा उघडला की लॅबभर वास. अक्का तो माझ्याकडे सरकवून द्यायच्या. "हा तू पी. मोगरा केसात बरा. कपात काय करतो?"

रंगखात्याचे मुकादम महादेवमामा रोज सकाळी बरण्यांचा निकाल ऐकायला यायचे. मोहोळकडचे, उंच, पिकलेल्या मिशांचे. दारातूनच विचारायचे, "काय म्हंतंय नाक, अक्का?"

"विडी म्हणतंय. मागं सरका."

"आवं, हात धुऊन आलो की!"

"हात धुतले. मिशा कुठं धुतल्या?"

त्यांना त्या चहाचं फार आश्चर्य. "कडबा भिजिवल्यालं पानी ह्ये. कशाला पिताव?" एकदा अक्कांनी त्यांना कप दिला. त्यांनी घोट घेतला, मोठ्या अदबीने गिळला आणि म्हणाले, "लई झ्याक. आता तोंड धुया चहा द्या."

हेच महादेवमामा अक्कांबद्दल एक गोष्ट नव्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. मलाही पहिल्याच आठवड्यात सांगितली. रंगखात्यात हायड्रो नावाची पांढरी पावडर लागते. ती पत्र्याच्या पिंपांत येते. तिच्यावर थोडं जरी पाणी गेलं तरी ती आतल्या आत तापते, श्वास कोंडणारा विषारी धूर सोडते आणि मग पेटते. मी यायच्या आधी एकदा छताची गळती एका पिंपात उतरली होती. कुणाला काही कळलं नाही. अक्का बोळातून चालल्या होत्या, त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "काडेपेटी कुणी ओली केली?" मग त्यांनीच ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं. सगळे बाहेर आल्यावर धूर दिसला.

"तवा हितली बारा-पंधरा मानसं वाचली," मामा म्हणाले. "आता कसंय म्याडम, अक्का हायेत तवर आमाला भ्या न्हाय."

रंगखातं आणि लॅब यांच्यामध्ये फक्त तो बोळ होता. माझं टेबल त्या बाजूच्या भिंतीला लागून होतं. अक्का हायेत, असं मीही तेव्हा मनात म्हटलं होतं.

मग त्यांना ताप आला. मोठा काही नव्हता, तेव्हा गावात सगळ्यांनाच येत होता. काही दिवस रजा घेऊन त्या परत आल्या. थोड्या उतरल्या होत्या. बसल्या, किटली लावली, वाफेवर हात धरला. मग पिशवी कपात टाकली आणि ती तशीच राहू दिली. पाणी गडद झालं, तपकिरी झालं, तरी त्या दोरा ओढेनात. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मला त्यांच्या डोक्यात गजरा दिसला.

मोगऱ्याचा गजरा. ताजा, भरगच्च. वास माझ्या टेबलापर्यंत येत होता.

मला वाटलं, आजारातून उठल्यावर देवळात गेल्या असतील, कुणी माळला असेल. विसरल्या असतील. पण गजरा विसरता येत नाही. तो आपला आपण सांगत राहतो की मी आहे.  मी बघत राहिले, आणि त्यांनी माझं बघणं पाहिलं. त्यांचा हात हळूच मागे गेला. फुलांना लागला आणि तिथेच थांबला.

"हे कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही आलात तेव्हापासून."

त्यांनी गजरा काढला, नाकाशी धरला. खूप वेळ धरला. नंतर तो रुमालात बांधून पिशवीत ठेवला आणि कप उचलून एक घोट घेतला.

"कडू आहे," त्या म्हणाल्या. "कडू तेवढं कळतंय."

 मी दाराकडे पाहिलं. महादेवमामांची यायची वेळ झाली होती.

त्या दिवशी बरण्या मी हुंगल्या. अक्कांनी दार लोटून घेतलं आणि एकेक झाकण माझ्यासमोर उघडलं. मी म्हणाले, "मस्टी."

"इंग्लिश नको. कशासारखा?"

मला सांगता येईना. माझ्याकडे वासांना शब्दच नव्हते, कधी लागलेच नव्हते. त्या थांबून राहिल्या. शेवटी मी म्हणाले, "आजोळी गाद्यांची खोली असते ना, पावसाळ्यात, तसा."

"हां. म्हणजे नीट वाळला नाही. पुढची."

मामा आले, निकाल घेऊन गेले. जाताना नेहमीसारखं काहीतरी बोलून हसले. अक्काही हसल्या. टेबलाखाली त्यांनी माझं मनगट धरलं होतं, ते मामा गेल्यावरही सोडलं नाही.

"कुणाला बोलू नकोस, पिल्ला. डॉक्टर म्हणाला, येईल परत. येतं म्हणे."

"आणि नाही आलं तर?"

हा प्रश्न माझ्या तोंडून कसा गेला मला कळलं नाही.  पण उत्तर आम्हा दोघींना माहीत होतं. वास येत नसेल तर त्या खोलीत अक्कांचं काम नव्हतं. मालक त्यांना मानाने घरी पाठवणार आणि सुरतेला असलेला मुलगा त्यांना तिकडे नेणार. इथलं सगळं संपणार. आणि सांगितलं नाही, तर भिंतीपलीकडे सगळे एका बंद पडलेल्या नाकाच्या भरवशावर काम करत राहणार. रात्री झोपताना मला दोन्ही बाजू दिसायच्या, आणि मी उठून बसायचे.

रोज सकाळी आता एक परीक्षा सुरू झाली. अक्कांनी दोन सारखे कप आणले. एकात साध्या चहाची पिशवी, दुसऱ्यात मोगऱ्याची. पिशव्यांच्या दोऱ्यांवरचे कागद तोडून टाकायचे. मोगऱ्याच्या कपाच्या कानाला त्यांनी लाल दोरा बांधला होता. त्या डोळे मिटून बसायच्या, मी कप बदलायचे आणि एक त्यांच्या हातात द्यायचे. कान माझ्या बोटांत, म्हणजे दोरा त्यांच्या हाताला लागणार नाही.

"साधा," त्या म्हणायच्या.

मोगऱ्याची वाफ माझ्या तोंडावर येत असायची.

"नाही, अक्का."

"परत."

कधी त्या बरोबर यायच्या. मग त्यांचा चेहरा उजळायचा आणि लगेच त्या म्हणायच्या, "परत", आणि चुकायच्या. नुसता अंदाज होता. मला त्या परीक्षेची इतकी भीती वाटू लागली, की बसमधून उतरल्यावर गेटपर्यंत मी मुद्दाम हळू चालायचे. एकदा मनात आलं, खोटंच बरोबर म्हणावं. त्यांनी डोळे मिटलेलेच होते. पण त्या लगेच म्हणाल्या, "मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस हां. त्यात माणसं मरतील." मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

घरीही त्या घाबरलेल्या होत्या, हे मला उशिरा कळलं. एकट्या राहायच्या. एकदा वरण करपून भांडं काळं झालं तरी त्या शेजारच्या खोलीत बसून होत्या. धूर डोळ्यांना झोंबला तेव्हा उठल्या. त्यानंतर त्यांनी गॅस लावायचंच सोडलं. सिलेंडरचं बटण बंद आहे ना ते जाऊन जाऊन बघायच्या, मग एक दिवस सिलेंडर शेजारच्यांना देऊन टाकला. भाताला विजेचा कुकर, चहाला किटली. "गॅस गळला तर मला कोण सांगणार?" त्या म्हणाल्या. हे सांगताना त्या हसत होत्या. मला नाही हसू आलं.

एके दिवशी मालक स्वतः लॅबमध्ये आले. हातात नवा चहाचा डबा, मागे महादेवमामा आणि पॅकिंगमधल्या दोघी. मालक हौशी माणूस.

"अक्का, बघा काय आलंय! मी म्हटलं, अक्कांनी सांगितल्याशिवाय डबा घरी न्यायचा नाही. करा बघू."

मी उभी राहिले. का, ते माहीत नाही. अक्कांनी किटली लावली. सगळे गप्प, नियम सगळ्यांना माहीत. वाफेवर हात धरला.  सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यांनी पिशवी पाण्यात सोडली आणि मोगऱ्याचा वास खोलीभर पसरला. इतका, की पॅकिंगमधल्या एकीने तिथेच नाक वर करून हुंगलं.

अक्कांनी कप नाकाशी नेला. घोट घेतला. डोळे मिटले. मी त्यांच्याकडे जीव मुठीत धरून पाहत होते. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं असतं तर मी काहीतरी केलं असतं, गजऱ्याची खूण म्हणून केसांना हात लावला असता. पण अक्का डोळे मिटूनच बोलल्या.

"हुरडा आहे. चांगला भाजलेला."

  मालक मोठ्याने हसले.

"हुरडा! ऐकलंत का? अख्खी खोली मोगऱ्यानं भरलीय आणि अक्का म्हणतायत हुरडा! आमची परीक्षा बघता काय?"

सगळे हसले. महादेवमामा सगळ्यात जास्त. "बगा की! नाक आपलं, कान आमचं धरत्यात!"

अक्काही हसल्या. त्यांनी कप खाली ठेवला तेव्हा थोडा चहा बशीत सांडला. बशीत पडलेलं ते फिकट पाणी मला अजून दिसतं. इतकी उघड चूक सगळ्यांसमोर झाली होती, आणि ती चूक असू शकते हे कुणाच्या मनातही आलं नाही. त्या हसण्याइतकी भीती मला आधी कशाची वाटली नव्हती.

सगळे गेल्यावर अक्का म्हणाल्या, "बघितलंस? आता मी सांगितलं तरी खरं वाटायचं नाही त्यांना." थोड्या वेळाने म्हणाल्या, "या महिन्याचा शेवटचा लॉट जाऊ दे. मग मी मालकांना सांगते." हे त्या कुणाला सांगत होत्या कळलं नाही. तळहात रिकाम्या किटलीवर धरलेला होता.

लॉट जायच्या आधीच तो दिवस आला.

दुपारची वेळ होती. जेवणं झाली होती. रंगखात्यात वाफेचा एक पाइप सकाळपासून गळत होता, त्याचं काम चाललं होतं. अक्का दुसऱ्या दिवशीचे तुकडे बरण्यांत भरत होत्या. मी एका बायरला मेल लिहीत होते. वास आला तेव्हा मला वाटलं, कुणी उदबत्ती लावली. मग वाटलं, भास आहे. त्या दिवसांत मला सगळीकडे वास यायचे, घरी, बसमध्ये. भीतीने नाक कसलेही खेळ करतं. मी पुन्हा टाइप करू लागले. पुन्हा आला. बारीक, घशाच्या मागे ओरखडा काढणारा.

माझ्यासारखीला अशा वेळी सगळ्यात कठीण काय असतं, तर तोंड उघडणं. चुकीचं निघालं तर सगळा कारखाना बंद पडणार, सगळे माझ्याकडे बघणार. मी अक्कांकडे पाहिलं. त्या शांतपणे झाकण लावत होत्या. त्यांना काहीच कळत नव्हतं, आणि ते मला माहीत असूनही त्यांचा तो शांत चेहरा पाहून मला वाटलं, नसेलच काही.

"अक्का," मी म्हणाले.  "काहीतरी येतंय."

त्यांच्या हातातली बरणी तिथेच राहिली. "कशासारखं?"

मला इंग्रजी शब्द आठवत होता. तो नको होता. "काडी विझवल्यावर," मी म्हणाले. "नाही, विझत नाहीये. विझत नाहीये ती."

नक्की ना, असं त्यांनी विचारलं नाही. एकदाही नाही. बरणी टेबलावर टाकून त्या दारातून बाहेर पडल्या होत्या, आणि मला कधी ऐकू आला नव्हता असा त्यांचा आवाज बोळातून गेला.

"हायड्रो! मामा, हायड्रो! सोडा सगळं! बाहेर पडा!"

आणि माणसं पडली बाहेर. कुणी विचारलं नाही की कुठे, धूर कुठे दिसतोय. पाइपचं काम करणारा शिडीवरून उतरला तो धावतच. माझ्या शेजारून लोक जात होते आणि त्यांच्या तोंडांवर मला दिसत होतं, अक्का म्हणाल्या ना, मग आहे. मी ओरडले असते तर यातले निम्मे तरी थांबून बघत राहिले असते. अक्का दारात उभ्या राहून एकेकाला खांद्याला धरून ढकलत होत्या. सगळ्यांत शेवटी महादेवमामा निघाले, तोंडावर गमछा धरून. त्यांच्यामागून खोलीच्या कोपऱ्यातून पांढरा लोट उठला, आणि मग पिवळी ज्वाळा.

आम्ही गेटजवळच्या लिंबाखाली जमलो. मामा माणसं मोजत होते, पुन्हा मोजत होते. कुणी पाण्याची बादली उचलली तर त्याच्या अंगावर ओरडत होते. वाळू टाकली, अग्निशमनवाले आले. एक खोली काळी झाली. माणूस कुणी गेला नाही. मी खाली बसले होते. 

मालक धावत आले. महादेवमामांनी त्यांना सगळं सांगितलं, मिशांवरून घाम पुसत. "काय दिसत न्हवतं वो मालक, काय म्हंजी काय. अक्कांच्या नाकानं वाचिवलं. दुसऱ्यांदा! म्हनून मी म्हंतो, अक्का हायेत तवर..."

"मामा, थांबा," अक्का म्हणाल्या.

त्यांचा पदर खांद्यावरून घसरला होता, चेहऱ्यावर काजळी होती. त्या सगळ्यांच्या मधे उभ्या होत्या.

"माझं नाक गेलंय. ताप आला तेव्हाच गेलं. मला आत्तासुद्धा काही येत नाही. हा एवढा धूर आहे, मला त्याचा वास नाही. हिला आला." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मी नुसतं ओरडले."

 मामा हसायच्या बेतात होते, त्या दिवशीच्या मोगऱ्यासारखंच काहीतरी असेल म्हणून. मग त्यांनी अक्कांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि त्यांच्या ओठांवरचं हसू तसंच अर्धं राहिलं. मला तेव्हा दिसलं, की हा उंच माणूस घाबरला आहे. आगीने नव्हता घाबरला इतका.

"मंजी... इतकं दिस?" ते हळूच म्हणाले.

"इतके दिवस," अक्का म्हणाल्या.

त्यानंतर त्या कारखान्यात फार दिवस नव्हत्या. कुणी त्यांना टाकून बोललं नाही. मालकांनी पॅकिंगमध्ये खुर्ची देतो म्हणून सांगितलं. त्यांनी नको म्हटलं. सुरतेलाही त्या गेल्या नाहीत. शेवटच्या दिवशी त्यांनी बरण्या धुऊन उन्हात पालथ्या घातल्या आणि किटली माझ्या टेबलावर ठेवली. दोन कप मात्र पिशवीत घालून नेले.

आता बरण्या मी उघडते. केसांना वासाचं तेल लावत नाही. थोडी सर्दी झाली तरी मी हात हुंगते, साबण हुंगते, बसमध्ये शेजारणीचा डबा हुंगते. महादेवमामा सकाळी दारात येतात, आता दोन पावलं मागेच थांबतात. एकदा नवीन लागलेल्या माणसाला ते रंगखातं दाखवत होते. माझ्याकडे बोट करून त्याला म्हणाले, "ह्या म्याडम हायेत तवर काय भ्या न्हाय बग." त्या दिवशी मी चहा केला आणि तो तसाच गार झाला.

परवा एका सुट्टीच्या सकाळी मी अक्कांकडे गेले. मोगऱ्याचा नवीन डबा आला होता, तो द्यायला. पूर्व भागातलं त्यांचं घर तळमजल्यावर, खिडकी गल्लीवर उघडणारी. शेजारी कुठेतरी माग खटखटत होता, त्यामुळे माझी पावलं त्यांना ऐकू गेली नसावीत. हाक मारणार, तेवढ्यात मला त्या खिडकीतून दिसल्या.

समोर जमिनीवर पितळेचं ताट होतं. त्यात ते दोन कप, वाफाळते. कप बदलून द्यायला घरात दुसरं माणूस नव्हतं. म्हणून अक्का डोळे घट्ट मिटून ताट गोल फिरवत होत्या. एकदा इकडून, एकदा तिकडून, पुन्हा इकडून, कुठला कप कुठे गेला ते स्वतःलाच कळेनासं होईपर्यंत. मग ताट थांबवलं. कानाला बोट लागू नये म्हणून खालून, बुडाला धरून एक कप उचलला. नाकाशी नेला.

त्यांचे ओठ हलले. काहीतरी ठरवलं होतं त्यांनी. आता फक्त डोळे उघडून कपाच्या कानाकडे पाहायचं होतं.

त्या डोळे उघडेनात. कप तसाच नाकाशी, भुवया वर, मान किंचित पुढे. माग खटखटत राहिला, वाफ त्यांच्या चेहऱ्यावरून वर जात राहिली, आणि अक्का डोळे मिटून तशाच बसून राहिल्या.

त्या कानाला लाल दोरा होता की नव्हता, ते मी उभी होते तिथून मला दिसलं असतं. मी माझ्या चपलांकडे बघत राहिले.